काचपट्टीवरील बुरशी आणि विकृत पेशी

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा एकाएकी उद्भवणारा रोग नव्हे. मानवी पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग होऊन तो वर्षानुवर्षे टिकून राहिला, म्हणजे त्या भागातील पेशींमध्ये हळूहळू बदल होऊ लागतात. संसर्गापासून कर्करोगापर्यंतच्या या वाटचालीला बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात. सावध होण्यास एवढी दीर्घ मुदत देणारे कर्करोग फार थोडे आहेत. तरीही २०२२ सालच्या अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचे निष्पन्न झाले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याला बळी पडल्या. मिळालेल्या मुदतीचा उपयोग आपण करून घेत नाही, हेच या आकड्यांवरून दिसते.

ही मुदत साधण्याचे जे मार्ग आहेत, त्यांपैकी सर्वांत जुना मार्ग म्हणजे गर्भाशयमुखावरील पेशी काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. तपासताना कर्करोगाकडे वळलेल्या पेशींचा शोध घ्यावयाचा असतो. परंतु काचपट्टीवर केवळ पेशीच नसतात. पुष्कळदा तेथे बुरशी, म्हणजेच कवक, आढळते. कधी ते त्या स्त्रीच्या शरीरात राहणारे असते, तर कधी केवळ हवेतून काचेवर पडलेले असते. अहवालात ‘बुरशी दिसली’ एवढे दोन शब्द वाचून घाबरून गेलेल्या स्त्रिया आणि ‘बुरशीच आहे, दुसरे काही नाही’ असे म्हणून निश्चिंत झालेल्या स्त्रिया, अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रिया आपल्याकडे आढळतात. दोघींचाही समज अपुरा असतो. म्हणून कवक, त्याचे बीजाणू आणि विकृत पेशी या तिहींना एकमेकांपासून कसे वेगळे ओळखतात, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

परीक्षेचा उगम

पेशींच्या या परीक्षेला जॉर्ज पापानिकोलाउ यांच्या नावावरून पॅप चाचणी असे म्हणतात. पापानिकोलाउ यांचा जन्म १८८३ साली ग्रीसमधील किमी या गावी झाला. न्यूयॉर्क येथे गिनीपिगच्या मादीच्या ऋतुचक्राचा अभ्यास करीत असताना योनीतील पेशी तपासण्याची पद्धत त्यांनी बसविली आणि पुढे तीच पद्धत स्त्रियांच्या बाबतीत वापरली. काही नमुन्यांत त्यांना कर्करोगाच्या पेशी स्पष्ट दिसल्या. हे निरीक्षण त्यांनी १९२८ साली एका परिषदेत मांडले; पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. साधारणपणे त्याच सुमारास रुमानियातील ऑरेल बाबेश हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोहोचले होते. पापानिकोलाउ यांनी हर्बर्ट ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञाच्या सहकार्याने १९४१ साली एक निबंध व १९४३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे या पद्धतीला मान्यता मिळाली.

परीक्षेची रीत साधी आहे. गर्भाशयमुखावरून लाकडी किंवा प्लॅस्टिकची चपटी पट्टी, अथवा लहान ब्रश, गोल फिरवून पेशी खरवडून घेतात. त्या काचपट्टीवर पातळ पसरून, वाळण्यापूर्वीच काचपट्टी अल्कोहोलमध्ये बुडवितात. नंतर तिला रंग देतात. हीमॅटॉक्सिलिन या रंगाने पेशीचे केंद्रक निळे-जांभळे होते आणि इतर रंगांनी पेशीद्रव गुलाबी, नारिंगी किंवा निळसर हिरवे दिसते. अलीकडे काही ठिकाणी पेशी थेट काचेवर न पसरता द्रवाच्या कुपीत घेतात आणि त्यातून काचपट्टी तयार करतात. त्यामुळे रक्त व श्लेष्मा यांचा अडथळा कमी होतो. तयार झालेली काचपट्टी प्रशिक्षित तंत्रज्ञ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शेताला पाळी घालावी तशी, ओळीने तपासतो. एका काचपट्टीवर हजारो पेशी असतात आणि त्यांत विकृत पेशी मोजक्याच असू शकतात. या परीक्षेची सर्व अडचण येथेच आहे.

निरोगी पेशीचे रूप

विकृती ओळखण्यासाठी प्रथम निरोगी पेशीचे रूप ध्यानात ठेवले पाहिजे. गर्भाशयमुखाच्या बाहेरील भागावर चपट्या पेशींचे अनेक थर असतात. तळाच्या थरातील पेशी लहान व गोल असून त्यांचे केंद्रक पेशीच्या मानाने मोठे असते. त्या वरच्या थरांकडे सरकू लागतात, तसतसे त्यांचे पेशीद्रव पसरत जाते आणि केंद्रक आक्रसत जाते. अगदी वरची पेशी पापडासारखी रुंद व पातळ असते आणि तिच्या मध्यभागी एखाद्या ठिपक्यासारखे लहान, गडद केंद्रक असते. तिच्या खालच्या, मधल्या थरातील पेशीचे केंद्रक हे तंत्रज्ञाचे मोजमाप होय. इतर पेशींची केंद्रके त्याच्याशी ताडून पाहिली जातात.

गर्भाशयाच्या पोकळीकडे जाणाऱ्या मार्गात मात्र उभट, स्तंभाकार पेशींचा एकच थर असतो. हे दोन प्रकार जेथे मिळतात, त्या पट्ट्यात पेशींचे रूपांतर सतत चालू असते. विषाणूचा शिरकाव आणि पुढील विकृती बहुतेक याच पट्ट्यात होतात. म्हणून नमुना तेथूनच घेतला जावा, याबद्दल तज्ज्ञ आग्रही असतात.

शरीरात राहणारे कवक

काचपट्टीवर सर्वांत अधिक वेळा आढळणारे कवक म्हणजे कँडिडा. ते यीस्टच्या जातीचे आहे. आतड्यात, तोंडात व योनिमार्गात ते थोड्या प्रमाणात कोणताही त्रास न देता राहू शकते. गर्भारपण, मधुमेह, प्रतिजैविक औषधांचा दीर्घ वापर किंवा शरीराची प्रतिकारशक्ती खालावणे, अशा कारणांनी त्याची वाढ बेसुमार झाली, म्हणजे खाज, जळजळ व दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव ही लक्षणे दिसतात.

सूक्ष्मदर्शकाखाली कँडिडा दोन रूपांत दिसते. पहिले रूप लहान, लंबगोल कणांचे. त्यांची लांबी साधारण तीन ते सात मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या रक्तपेशीएवढी किंवा तिच्याहूनही कमी असते. एका कणाला दुसरा कण फुटावा, जसा निवडुंगाच्या पानाला नवे पान फुटते तसा, अशी त्यांची वाढ होते. व्यवहारात या कणांना बीजाणू म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु वास्तविक त्या कळीच्या रीतीने वाढणाऱ्या जिवंत पेशीच होत. दुसरे रूप लांब तंतूंचे. नव्या पेशी आईपासून सुटून न जाता लांबट होऊन एकापुढे एक चिकटून राहिल्या, म्हणजे हे तंतू बनतात. सांध्याच्या जागी ते किंचित आकुंचित झालेले दिसतात. खऱ्या अर्थाने ते कवकतंतू नसल्याने त्यांना आभासी तंतू म्हणतात. रंगविल्यानंतर ते गुलाबीसर किंवा करडे-तपकिरी दिसतात.

या तंतूंची एक खूण फार उपयोगी पडते. चपट्या पेशी त्यांच्याभोवती एकीवर एक रचल्या जातात आणि सळईत ओवलेल्या कबाबाच्या तुकड्यांसारख्या दिसतात. कमी वर्धनाच्या भिंगातूनही ही रचना लक्षात येते. तशी रचना दिसली की अनुभवी तंत्रज्ञ भिंग बदलून तंतूचा शोध घेतो. कँडिडा ग्लाब्राटा या जातीला मात्र तंतू फुटत नाहीत. तिचे केवळ बारीक कण विखुरलेले असतात आणि ते रक्तपेशी किंवा मोडलेल्या केंद्रकाचे तुकडे समजले जाण्याचा संभव असतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कँडिडामुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होत नाही. अहवालाच्या ज्या बेथेस्डा पद्धतीचा १९८८ साली अमेरिकेत आरंभ झाला आणि जिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आज जगभर वापरात आहेत, तिच्यात कँडिडाची नोंद ‘विकृती अथवा कर्करोग आढळला नाही’ या सदराखालीच केली जाते. स्त्रीला काही त्रास नसेल, तर केवळ काचपट्टीवर कँडिडा दिसली म्हणून औषध देण्याचीही गरज नसते.

हवेतून आलेले बीजाणू

दुसऱ्या प्रकारच्या कवकाचा त्या स्त्रीच्या शरीराशी काही संबंधच नसतो. आपल्या भोवतालच्या हवेत कवकांचे असंख्य बीजाणू तरंगत असतात. त्यांपैकी अल्टर्नेरिया हे नाव आपल्या शेतकऱ्याला कदाचित ठाऊक नसेल. पण त्याचे काम त्याच्या चांगले परिचयाचे आहे. कांद्याच्या पातीवर जांभळट चट्टे पाडणारा जांभळा करपा हा याच कवकाच्या एका जातीमुळे होतो, आणि टोमॅटो व बटाटा यांच्या पानांवर करपा पाडणारी दुसरी जातही याच कुळातील आहे. वाळलेल्या पानांवर व काडीकचऱ्यावर या कवकाचे बीजाणू तयार होतात आणि वाऱ्याबरोबर दूरवर जातात.

अल्टर्नेरियाचा बीजाणू एकदा पाहिला म्हणजे विसरणे कठीण. तो मुद्गलासारखा, एका टोकाला फुगीर व दुसऱ्या टोकाला निमुळता असतो. आत उभे व आडवे पडदे असल्याने तो विटांच्या लहानशा भिंतीसारखा दिसतो. त्याचा तपकिरी रंग नैसर्गिक असतो, प्रयोगशाळेत दिलेल्या रंगामुळे आलेला नसतो. त्याची लांबी अनेकदा वीस ते साठ मायक्रोमीटरच्या दरम्यान भरते, म्हणजे तो आकाराने एखाद्या चपट्या पेशीच्या तोडीचा असतो. म्हणूनच नवख्याचे लक्ष त्याच्याकडे प्रथम जाते. याखेरीज ॲस्परजिलस व इतर कवकांचे तंतू आणि बीजाणू, फुलांचे पराग, कापसाचे तंतू, हातमोज्यांवरील भुकटीचे कण अशा अनेक गोष्टी काचपट्टीवर येऊन पडतात.

त्या कोठून येतात? काचपट्ट्यांची पेटी उघडी राहिली, नमुना घेतल्यावर काच क्षणभर वाऱ्यावर ठेवली, रंगाचे द्रावण फार दिवस बदलले नाही, पाणी अस्वच्छ असले, किंवा काचेवर झाकण बसविण्याचा चिकट पदार्थ दूषित झाला, तर यांपैकी कोणत्याही वाटेने त्या येऊ शकतात. सुगीच्या दिवसांत खेड्यातील शाळेच्या ओसरीवर शिबिर भरले असेल, तर हवेतील धूळ व बीजाणू यांपासून काचपट्टीचा बचाव करणे किती अवघड असते, याची कल्पना वाचकांना करता येईल.

हा पाहुणा बाहेरचा आहे, हे ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू किंचित फिरविला, की पेशी अस्पष्ट होतात आणि बीजाणू स्पष्ट होतो, किंवा याच्या उलट घडते. कारण तो पेशींच्या पातळीत नसतो, त्यांच्यावर पडलेला असतो. त्याच्याभोवती पांढऱ्या रक्तपेशींचा जमाव नसतो. शेजारच्या पेशींवर त्याचा काही परिणाम झालेला दिसत नाही. आणि एकाच दिवशी रंगविलेल्या अनेक स्त्रियांच्या काचपट्ट्यांवर तो आढळला, तर दोष प्रयोगशाळेतील द्रावणाचा आहे हे उघड होते. अल्टर्नेरियासारख्या कवकाचा गर्भाशयमुखाला खराखुरा संसर्ग होणे ही अत्यंत अपवादात्मक घटना होय.

विकृत पेशींची ओळख

आता ज्यांच्यासाठी ही सर्व खटपट करावयाची, त्या पेशींकडे वळू. विषाणूच्या संसर्गाने पेशीत होणारे बदल मुख्यत्वे केंद्रकात दिसतात. सौम्य विकृतीत केंद्रकाचे क्षेत्रफळ मधल्या थरातील निरोगी केंद्रकाच्या तिपटीहून अधिक होते. त्याचा रंग गडद होतो व कड वेडीवाकडी होते. कधी एकाच पेशीत दोन केंद्रके दिसतात. केंद्रकाभोवती मोठी रिकामी पोकळी आणि पोकळीच्या बाहेर पेशीद्रवाची जाड, रेखीव कड असणाऱ्या पेशीला कॉइलोसाइट म्हणतात. लिओपोल्ड कॉस व ग्रेस डरफी यांनी हे नाव १९५६ साली दिले. अशी पेशी पॅपिलोमा विषाणूमुळे बनते, हे १९७०च्या दशकात ध्यानात आले. १९८३ साली जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने कर्करोगाच्या पेशींत या विषाणूचा सोळा क्रमांकाचा प्रकार शोधून काढला आणि लवकरच अठरा क्रमांकाचाही. या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के घटनांना हे दोनच प्रकार जबाबदार असतात. त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सौम्य विकृती बहुतांशी आपोआप नाहीशी होते, कारण शरीर विषाणूला सामान्यतः एक-दोन वर्षांत घालवून देते. तीव्र विकृतीचे तसे नाही. तिच्यातील पेशी आकाराने लहानच असतात. परंतु केंद्रकाने जवळजवळ सर्व पेशी व्यापलेली असते, केंद्रकातील द्रव्य भरड व गडद असते आणि केंद्रकाची कड सुरकुतलेली असते. या पेशी एकएकट्या किंवा दाट पुंजक्यांत असतात. आकाराने लहान असल्यामुळे त्या नजरेतून निसटू शकतात. लक्ष वेधून घेणारा मोठा तपकिरी बीजाणू निरुपद्रवी, आणि कोपऱ्यात पडलेली चिमुकली पेशी घातक, असा हा प्रकार आहे.

फसगतीच्या जागा

कवक आणि विकृत पेशी यांच्या रूपांत इतके अंतर असताना घोटाळा कोठे होतो, असा प्रश्न पडेल. घोटाळ्याच्या तीन जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे कवकाच्या दाहामुळे निरोगी पेशीत होणारे बदल. कँडिडाचा जोर असेल, तेव्हा पेशींची केंद्रके थोडी मोठी होतात आणि त्यांच्याभोवती फिकट वलय दिसू लागते. हे वलय पाहून कॉइलोसाइटचा भास होतो. फरक बारकाईने पाहावा लागतो. दाहातील वलय अरुंद व सर्व बाजूंनी सारखे असते, केंद्रक थोडेच वाढलेले असते आणि त्याची कड गुळगुळीत राहते. कॉइलोसाइटची पोकळी रुंद, बेढब व ठसठशीत कडेची असते आणि तिचे केंद्रक मुळातच बिघडलेले असते. म्हणजे केवळ वलय पाहून निर्णय देऊ नये, केंद्रकाची साक्ष घ्यावी. या पायरीवर चूक झाली, तर निरोगी स्त्रीच्या कपाळी निष्कारण चिंता व पुढील तपासण्या येतात.

दुसरी जागा नेमकी उलट आहे. दाह फार असेल, तेव्हा पांढऱ्या रक्तपेशींचा दाट थर काचपट्टीवर पसरतो आणि त्याखाली विकृत पेशी झाकल्या जातात. तीन-चतुर्थांशांहून अधिक पेशी अशा झाकल्या गेल्या असतील, तर ती काचपट्टी ‘परीक्षेस अपुरी’ ठरवावी, असा बेथेस्डा पद्धतीचा नियम आहे. अपुरी याचा अर्थ निर्दोष असा नव्हे. दाहावर उपचार करून दोन ते चार महिन्यांत परीक्षा पुन्हा करणे अवश्य असते. अर्धवट झाकलेल्या काचपट्टीवर एखादी जरी विकृत पेशी दिसली, तरी मात्र ती काचपट्टी अपुरी ठरत नाही. त्या पेशीची नोंद करावीच लागते.

तिसरी जागा मनाची आहे. काचपट्टीवर कवक सापडले म्हणजे स्त्रीच्या तक्रारीचे कारण मिळाले, असे वाटून शोध मंदावतो. वस्तुतः ज्या स्त्रीला कँडिडाचा त्रास आहे, तिलाच पॅपिलोमा विषाणूचाही संसर्ग असू शकतो. एका गोष्टीने दुसरी खोडली जात नाही. म्हणून कवक दिसल्यावरही काचपट्टीचा उरलेला भाग तितक्याच काळजीने पाहावा, हे या विद्येतील पहिल्या पाठांपैकी एक आहे.

गडचिरोली आणि बार्शी

हा प्रश्न आपल्या भागात किती महत्त्वाचा आहे, हे महाराष्ट्रात झालेल्या दोन अभ्यासांवरून समजते. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांमधील ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक किंवा अधिक रोग होते आणि त्यांत जननमार्गाच्या संसर्गाचे प्रमाण मोठे होते. परंतु त्यापूर्वी कधी तरी स्त्रीरोगविषयक तपासणी झाली होती, अशा स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाणे हे बाईच्या जातीला लागलेलेच आहे, असे मानून स्त्रिया गप्प राहतात. जेथे दाह इतका सार्वत्रिक आहे, तेथे काचपट्ट्याही दाहाने भरलेल्या येणार, आणि त्या वाचणाऱ्याची कसोटी लागणार, हे ओघानेच आले.

दुसरा अभ्यास बार्शीचा. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ साली बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांसाठी तेथे कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातील ती देशातील पहिली नोंदणी होय. पुढे हे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिओं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, एक प्रचंड प्रयोग केला. १९९९ साली सुरू झालेल्या या प्रयोगात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. खेड्यांचे ५२ समूह पाडून त्यांचे चार गट केले होते. एका गटात पॅपिलोमा विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशीपरीक्षा आणि तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, असा क्रम होता. चौथ्या गटाला रोगाची व उपलब्ध सोयींची माहिती देण्यात आली, पण तपासणीसाठी बोलावण्यात आले नाही. या चौथ्या गटाला तसे ठेवणे कितपत योग्य होते, यावर पुढे वादही झाला.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २००९ साली जाहीर झाले. तपासणी न झालेल्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रिया दगावल्या होत्या. विषाणूची चाचणी झालेल्या गटात ३४. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. पेशीपरीक्षेच्या गटात ५४ व डोळ्यांनी तपासणी झालेल्या गटात ५६ स्त्रिया दगावल्या. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका मोठा नव्हता.

याहून बोलका आकडा दुसराच आहे. ज्यांची चाचणी निर्दोष ठरली होती, अशा स्त्रियांपैकी पुढे किती जणींना कर्करोग झाला, हे पाहण्यात आले. विषाणूच्या चाचणीत निर्दोष ठरलेल्यांमध्ये हे प्रमाण वर्षाला लाखात ३.७ एवढे होते. पेशीपरीक्षेत निर्दोष ठरलेल्यांमध्ये ते १५.५ आणि डोळ्यांच्या तपासणीत निर्दोष ठरलेल्यांमध्ये १६ होते. याचा अर्थ असा की, ‘तुम्हाला काही नाही’ हे आश्वासन विषाणूची चाचणी अधिक भरवशाने देऊ शकली. ती काचपट्टीवरील कवकाने गोंधळत नाही, दाहाच्या थराने अडत नाही आणि तपासणाऱ्याच्या थकलेल्या डोळ्यांवर अवलंबून राहत नाही.

मग पेशीपरीक्षा निकालात निघाली काय? तसे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. ज्या देशांत स्त्रियांना ठराविक वर्षांनी पुन्हा पुन्हा बोलावून काचपट्ट्या काळजीपूर्वक तपासल्या गेल्या, तेथे याच परीक्षेने कर्करोगाचे प्रमाण खूपच खाली आणले आहे. एका खेपेला निसटलेली पेशी दुसऱ्या खेपेला सापडते, हे त्याचे कारण. एकदाच तपासणी होण्याची शक्यता असलेल्या खेड्यात मात्र ती दुसरी खेप येत नाही. शिवाय विषाणूची चाचणी केवळ विषाणू आहे एवढेच सांगते. पेशी बिघडली आहे किंवा नाही, हे सांगत नाही. विषाणू आढळलेल्या स्त्रियांपैकी कोणाला तातडीने पुढील तपासणीची गरज आहे, हे ठरविण्यासाठी काचपट्टीकडेच वळावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे धोरण जाहीर केले, त्यात २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची वयाच्या पस्तिसाव्या व पुन्हा पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत उत्तम चाचणीने तपासणी आणि विकृती आढळलेल्यांपैकी ९० टक्के स्त्रियांवर उपचार, अशी उद्दिष्टे ठेविली आहेत. या रोगावरील भारतीय लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आहे. लस घेतलेल्या स्त्रीलाही पुढे तपासणीची गरज राहतेच, कारण कर्करोगास कारणीभूत होणारे विषाणूचे सर्वच प्रकार लसीच्या कक्षेत येत नाहीत.

अहवाल हाती आल्यावर

सर्वसामान्य वाचकाला काचपट्टी वाचावयाची नसते. पण अहवाल वाचण्याची वेळ कोणत्याही घरात येऊ शकते. त्या वेळी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

अहवालात प्रथम काचपट्टी परीक्षेस पुरेशी होती किंवा नाही, हे पाहावे. ती अपुरी असेल, तर पुढील मजकुराला फारसे महत्त्व न देता परीक्षा पुन्हा करवून घ्यावी. कँडिडाची नोंद असेल आणि विकृती आढळली नाही असे म्हटले असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. खाज किंवा स्राव यांचा त्रास असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे, आणि तो वारंवार होत असल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी. बाहेरून आलेल्या बीजाणूंची नोंद असेल, तर ती केवळ काचपट्टीच्या स्वच्छतेविषयीची नोंद समजावी. तिच्यासाठी औषध नको. विकृत पेशींची नोंद मात्र, मग ती सौम्य का असेना आणि सोबत बुरशीची नोंद असो वा नसो, स्वतंत्रपणे विचारात घ्यावी. बुरशीचे औषध घेऊन खाज थांबली, म्हणजे विकृतीचाही बंदोबस्त झाला, असे समजणे धोक्याचे आहे. तिच्यासाठी विषाणूची चाचणी किंवा भिंगातून गर्भाशयमुखाची पाहणी, यांपैकी डॉक्टर सुचवतील ते करावे. विकृती कर्करोगाच्या पायरीला पोहोचण्यापूर्वी सापडली, तर तेवढाच भाग गोठवून, जाळून किंवा कापून काढता येतो आणि त्यासाठी गर्भाशय काढण्याची सहसा गरज पडत नाही.

शेवटी, काही लक्षणे अशी आहेत की त्यांच्यापुढे कोणत्याही निर्दोष अहवालावर विसंबून राहू नये. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे, पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे आणि दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव, ही ती लक्षणे होत. बुरशीच्या दाहात खाज असते. असे रक्त जाण्याचे कारण मात्र बुरशी समजू नये. अशा वेळी पुन्हा तपासणी करून घेण्यात संकोच बाळगू नये, आणि घरातील इतरांनीही त्या स्त्रीला तो बाळगू देऊ नये.